आधी प्रश्न, मग प्रयोगशाळा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली मुले-मुली एक प्रश्न हमखास विचारतात : मला कर्करोगावर संशोधन करायचे आहे, कोणत्या संस्थेत जाऊ? संस्थांची नावे सांगणे सोपे आहे. मुंबई-पुणे मिळूनच चार-पाच उत्तम नावे आहेत आणि ती पुढे येतीलच. पण संस्थेपासून सुरुवात केलेल्या अनेकांची पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी घुसमट होते. संस्था मोठी मिळालेली असते, हातातला प्रश्न मात्र आपला वाटत नसतो.

नुसते कर्करोग म्हटल्याने विषय ठरत नाही. या एका नावाखाली शंभराहून अधिक आजार येतात आणि प्रत्येकाकडे पाहण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. गालाच्या आतल्या बाजूला झालेली एक गाठ घ्या. तिच्यातले कोणते जनुक बिघडले हे एक जण शोधतो. त्याचे दिवस संगणकावर जनुकक्रम चाळण्यात जातात. गाठीपर्यंत येऊन पोहोचलेल्या टी पेशी तिला मारत का नाहीत, हे दुसरी शोधते. तिचे दिवस ऑपरेशन थिएटरमधून आलेला ताजा नमुना वेळेत लॅबमध्ये आणण्यात आणि मग फ्लो सायटोमीटरसमोर बसण्यात जातात. हा माणूस डॉक्टरपर्यंत पोहोचायला इतके महिने का लागले, हे तिसरा विचारतो. तो आशाताईंबरोबर गावोगाव फिरतो आणि परत आल्यावर संख्याशास्त्राची पुस्तके उघडतो. तिघेही कर्करोगावरच काम करतात, पण त्यांच्या दिवसांत साम्य जवळपास काहीच सापडणार नाही. तेव्हा निवड करायची ती प्रश्नाची आणि त्या प्रश्नामागून येणाऱ्या रोजच्या कामाची.

दुसरा मोह असतो, सध्या ज्याचा बोलबाला आहे तेच धरण्याचा. २००० साली डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी कर्कपेशीची सहा ठळक लक्षणे मांडणारा लेख लिहिला. या क्षेत्रात शिकणारा प्रत्येक जण तो वाचतो. त्या सहांमध्ये प्रतिकारशक्तीच्या तावडीतून निसटणे हे लक्षण नव्हते. ते आले २०११च्या सुधारित लेखात. पण जेम्स ॲलिसन यांचा गट त्याच्या कितीतरी आधीपासून टी पेशींवरच्या सीटीएलए-४ या रेणूमागे लागलेला होता. हा रेणू टी पेशीला ब्रेक लावतो. प्रतिपिंड वापरून तो ब्रेक अडवला तर उंदरांमधल्या गाठी विरून जातात, हे त्यांनी १९९६मध्ये दाखवले. त्यावर बेतलेले इपिलिमुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य व्हायला २०११ उजाडले आणि नोबेल मिळायला २०१८. त्यांच्यासोबत तो मान मिळालेल्या जपानच्या तासुकु होंजो यांच्या गटाने पीडी-१ हा दुसरा ब्रेक १९९२मध्येच शोधला होता. शिमॉन साकागुची यांची वाट तर याहून बिकट होती. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी असतात ही कल्पना ऐंशीच्या दशकात बदनाम झाली, बहुतेकांनी तो विषय सोडून दिला. साकागुचींनी तो सोडला नाही आणि १९९५मध्ये त्या पेशी ओळखण्याची खूण दाखवली. २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले.

याचा हिशेब आपल्यापुरता असा. आज पीएचडी सुरू केलीत तर स्वतःची लॅब हाती येईपर्यंत दहा-बारा वर्षे जाणार. आज वर्तमानपत्रात जे गाजते आहे ते तोवर एक तर नेहमीच्या उपचारांचा भाग झालेले असेल किंवा मागे पडलेले असेल. पेशी एकमेकींशी कशा बोलतात, प्रतिकारयंत्रणा आपले आणि परके कसे ओळखते, एखादी पेशी थकते म्हणजे नेमके काय होते, हे प्रश्न मात्र तेव्हाही उभेच असतील.

असे प्रश्न येतात कुठून? आपल्याकडच्या संशोधनाचा इतिहास पाहिला तर बरेचसे आजूबाजूला बघण्यातून आलेले दिसतात. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये परळला सुरू झाले. तिथले विकृतितज्ज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५मध्ये आपल्या माणसांच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचण्यातून होणारा त्वचेचा कर्करोग, चुट्टा उलटा धरून म्हणजे पेटते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग, असे आजार त्यात होते. लंडनमध्ये शिकलेल्या या माणसाला हे विषय लंडनच्या पुस्तकांत सापडले नसते. ते समोर येणाऱ्या रुग्णांमध्ये होते. पुढे १९५२मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले.

त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे यांची वाटचाल मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. १९१७मध्ये पुण्यात जन्म, हुजूरपागा, मग फर्ग्युसन. वडिलांची इच्छा त्यांनी डॉक्टर व्हावे अशी होती. त्या वनस्पतिशास्त्राकडे गेल्या. एम.एस्सी.चे काम सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. लग्नानंतर मुंबईला आल्या, खानोलकरांकडे काम सुरू केले आणि १९४९मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशीसंवर्धन शिकल्या. हेला या प्रसिद्ध पेशी प्रथम वाढल्या त्या याच प्रयोगशाळेत. परत येऊन रणदिवेंनी मुंबईत देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी, विषाणूंशी काय संबंध आहे हे तपासत राहिल्या. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची आहे, आता इकडे वळता येईल का, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गुणसूत्रे बारकाईने पाहण्याची नजर त्यांना झाडांनी दिली होती.

आणि हे सगळे मोठ्या शहरातच घडते असेही समजू नये. बार्शीला १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्यातूनच जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांमध्ये १९९९पासून एक मोठी चाचणी उभी राहिली. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिला तिच्यात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात त्या आजाराने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने हे निष्कर्ष छापले आणि जगभरच्या तपासणी कार्यक्रमांनी त्यांची दखल घेतली. त्याच वर्षी एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहणारा अभ्यास देशात अनेक ठिकाणी सुरू झाला. बार्शी, पुणे आणि मुंबईही त्यात होते. २०१०मध्ये सरकारी आदेशाने लसीकरण मध्येच थांबले आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसले की विषाणूच्या मुख्य दोन प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एक डोसही जवळपास तितकाच प्रभावी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींची माहिती मोलाची ठरली. प्रतिकारशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे पुढचा प्रश्न विचारायचा : एकाच डोसवर प्रतिपिंडे दहा वर्षे कशी टिकतात, आणि बाकीच्या अनेक लसींना हे का जमत नाही?

आता आजचे प्रश्न. माझ्या मते महाराष्ट्रातल्या मुलांसाठी सर्वांत मोठे कामाचे क्षेत्र तोंडाच्या कर्करोगात आहे. तंबाखू, मावा, गुटखा, सुपारी यांतून होणारा हा आजार पाश्चात्त्य देशांतल्या घशाच्या कर्करोगाहून वेगळा वागतो. तिकडे अनेक रुग्णांत एचपीव्ही हे कारण असते. इकडे सुपारीमुळे आधी तोंडातले अस्तर ताठर होते, तोंड उघडेनासे होते आणि त्या ताठर ऊतींत पुढे काही जणांना कर्करोग होतो. त्या ताठरपणाचा प्रतिकारपेशींवर काय परिणाम होतो? या पेशी गाठीत शिरू शकतात का? शिरल्या तर लवकर थकतात का? हे काम रुग्णांच्या नमुन्यांशिवाय होणार नाही आणि असे रुग्ण आपल्याकडे दुर्दैवाने मुबलक आहेत. हिरडी व गालाच्या कर्करोगातले जनुकीय बदल टाटा स्मारक केंद्र आणि कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी २०१३मध्ये मांडले; प्रतिकारयंत्रणेच्या बाजूने अजून पुष्कळ करायचे बाकी आहे.

दुसरा प्रश्न पैशाशी जोडलेला आहे आणि मला तो तेवढाच शास्त्रीय वाटतो. पीडी-१चा ब्रेक सोडवणारे निव्होलुमॅब हे औषध डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात एकटे दिले, तर साधारण सात-आठ रुग्णांपैकी एकाची गाठ लक्षणीय कमी होते. औषध इतके महाग की बहुतेकांना ते परवडतच नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले, सोबत तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त गोळ्यांचे उपचार चालू ठेवले आणि दोन गटांची रीतसर तुलना केली. वर्षभराने फक्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के हयात होते, कमी मात्रेचे औषध मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. इतकी कमी मात्रा पुरते याचा अर्थ काय? रेणूवर औषध किती काळ चिकटून राहते, टी पेशीला किती रेटा पुरे होतो? श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना हे विचारण्याची निकड नाही. आपल्याला आहे.

तिसरा, ज्याबद्दल सगळे विचारतात तो कार-टी उपचार. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढायच्या, विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे, म्हणजे त्या कर्कपेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखू लागतात. मग त्या वाढवून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने ही पेशी घडवली, टाटा स्मारक केंद्रातल्या गौरव नरुला आणि हसमुख जैन यांनी रुग्णांवरच्या चाचण्या केल्या. पहिल्या रुग्णाला हा उपचार २०२१मध्ये खारघरला मिळाला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये नेक्सकार१९ला देशात मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात आला. हे मोठे यश आहे, पण रक्ताच्या कर्करोगांतले. तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या घट्ट गाठींमध्ये कार-टी अजून नीट चालत नाही. फक्त गाठीवर असेल आणि निरोगी पेशीवर नसेल अशी खूण सापडत नाही, सापडली तरी पेशी आत शिरत नाहीत, शिरल्या तरी दमतात. ज्याला पुढची वीस वर्षे पुरेल असा प्रश्न हवा आहे, त्याने हा घ्यावा.

प्रश्न कितीही सुंदर असला तरी दिवस मात्र साधेच असतात, हे आधी माहीत असावे. पेशींना रविवार नसतो. गणपतीच्या सुट्टीतही कोणीतरी येऊन माध्यम बदलावे लागते. मायकोप्लाझ्माचा संसर्ग झाला तर तीन महिन्यांचे काम टाकून द्यावे लागते. उंदरांवर काम असेल तर प्राणी-नैतिकता समितीची परवानगी मिळेपर्यंत थांबावे लागते आणि प्रयोगाच्या शेवटी त्या जिवांना मारावे लागते. हे ज्याला झेपणार नाही त्याने ते लाजेखातर स्वीकारू नये. उंदरांशिवाय करता येणारे उत्तम प्रतिकारशास्त्र भरपूर आहे. मानवी नमुन्यांवर काम असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येक रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हवी. यवतमाळहून किंवा जालन्याहून आलेल्या माणसाशेजारी बसून, तुमच्या रक्ताचे आम्ही काय करणार आहोत, त्याचा तुम्हाला स्वतःला कदाचित उपयोग होणार नाही आणि नाही म्हणालात तरी उपचारांत काही कमी होणार नाही, हे त्याच्या मराठीत सांगता येणे ही संशोधकाची खरी पात्रता आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

इंग्रजीची भीती असते ती वाचनाने जाते, दुसरा उपाय नाही. प्रतिकारशास्त्रासाठी अबुल अब्बास यांचे किंवा कुबींच्या नावाने ओळखले जाणारे पाठ्यपुस्तक, कर्करोगासाठी वाइनबर्ग यांचे 'द बायॉलॉजी ऑफ कॅन्सर' घ्या. एक धडा दोनदा वाचा आणि स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून काढा. जिथे लिहिणे अडते तिथे समजलेले नसते.

आता रीतसर वाट. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसाठी आयसर अभिरुची चाचणी असते, कलिन्यातल्या मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रासाठी नेस्ट. दोन्हीकडे पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. पण सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवरसायन, जैवतंत्रज्ञान यांपैकी कशाचीही साधी बी.एस्सी. पुरेशी आहे, ती लातूरची असो की सावंतवाडीची. एम.एस्सी. बायोटेकसाठी गॅट-बी ही परीक्षा द्या, कारण तिच्यातून केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांना प्रवेश आणि विद्यावेतन दोन्ही मिळते. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची म्हणजे डीबीटीची बीईटी, गेट, आणि टीआयएफआरसह अनेक संस्थांसाठीची जेजीईबिल्स असे दरवाजे आहेत. एकाच दारावर सगळी आशा ठेवू नका. अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि पशुवैद्यक शाखांतल्या मुलांनाही यातले बरेच दरवाजे उघडे असतात, हे त्यांना कोणी सांगत नाही.

संस्थांची नावे : खारघरचे ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा स्मारक केंद्राचाच संशोधन विभाग, जिथली पीएचडी होमी भाभा राष्ट्रीय संस्थानाची असते, पुणे विद्यापीठाच्या आवारातले एनसीसीएस, पाषाणचे आयसर, केईएमच्या आवारातली एनआयआयएच, जिथे रक्ताचे आणि जन्मजात प्रतिकार-दोषांचे काम चालते, आयआयटी मुंबई. राज्याबाहेर दिल्लीची राष्ट्रीय प्रतिकारशास्त्र संस्था, म्हणजे एनआयआय, आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था.

डॉक्टर झालेल्यांसाठी दोन ओळी वेगळ्या. विकृतिशास्त्र, रक्तसंक्रमणशास्त्र किंवा वैद्यकीय कर्करोगशास्त्र यांतून आलेला, लॅबची भाषा समजणारा डॉक्टर आपल्याकडे फार दुर्मीळ आहे. प्रॅक्टिस सोडून संशोधन करावे लागेल असे समजू नका. आठवड्यातले दोन दिवस राखून ठेवू देणारी संस्था शोधा.

पैशांचे स्पष्ट बोलू. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. नोंदणी झाल्याबरोबर त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. हे पैसे वेळेवर येतीलच असे नाही, कधी कधी महिनोन्महिने अडकतात. पहिल्या वर्षातच तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला पडेल असे बघा. पीएचडीला पाच ते सहा वर्षे लागतात. घरात हे सुरुवातीलाच सांगा, विशेषतः मुलींनी, कारण तिसऱ्या वर्षी लग्नाचा विषय निघतो आणि तेव्हा अजून किती राहिले याचे उत्तर ठरलेले असले तर बोलणे सोपे जाते. बाळंतपणामुळे किंवा घरच्या कारणाने खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. खंड पडला म्हणजे दार बंद झाले, असे कोणी म्हणाले तर मानू नका.

गाइडची निवड ही संस्थेच्या निवडीपेक्षा मोठी आहे. प्राध्यापकाच्या माहितीपानावर संशोधनाच्या आवडी म्हणून चार-पाच भारदस्त विषय लिहिलेले असतात. त्यावर जाऊ नका. गेल्या पाच वर्षांतले निबंध काढा. पहिले नाव विद्यार्थ्यांचे आहे का? तेच तंत्र पुन्हा पुन्हा वापरले आहे की प्रश्न पुढे सरकला आहे? त्या लॅबमधून पीएचडी झालेले आज कुठे आहेत, किती वर्षांत झाले, कोणी मध्येच सोडली का? हे गाइडला विचारू नका. विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये चहा पिताना विचारा, लॅबमध्ये नाही. प्रयोग फसल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणतात, हा एक प्रश्न जरूर विचारा. उत्तर देताना मूल घुटमळले तर तेही उत्तरच आहे. नव्याने रुजू झालेल्या तरुण गाइडकडे जायला घाबरू नका. तिथे साधने कमी असतील पण तो स्वतः तुमच्या शेजारी उभा राहून शिकवील.

पीएचडी करायचीच नसेल तर? या क्षेत्राला पीएचडीवाल्यांपेक्षा इतर कुशल माणसांची जास्त गरज आहे आणि ही गोष्ट महाविद्यालयांत फारशी सांगितली जात नाही. रक्ताच्या कर्करोगाचे निदान फ्लो सायटोमेट्रीवर चालते. ते यंत्र चालवून आलेख नीट वाचणारा माणूस मोठ्या रुग्णालयांना सहज मिळत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी दाता-रुग्णाचे एचएलए जुळवणाऱ्या लॅब आहेत. औषधचाचण्यांना समन्वयक लागतात, जे रुग्णाच्या तारखा, तपासण्या, दुष्परिणामांच्या नोंदी सांभाळतात. कार-टीसारख्या उपचारांमुळे निर्जंतुक खोलीत पेशी वाढवणारे, त्यांची गुणवत्ता तपासणारे, प्रत्येक पायरीची कागदपत्रे चोख ठेवणारे लोक हवे आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या लसकंपन्यांत, बंगळुरू-हैदराबादच्या जैवऔषध कंपन्यांत हेच कौशल्य चालते. नियामक परवानग्यांचे काम, पेटंटचे काम, नमुने जतन करणाऱ्या बायोबँका, जनुकीय समुपदेशन हे आणखी काही मार्ग. आणि संगणक. आर किंवा पायथन येणाऱ्या जीवशास्त्रज्ञाला आज काम शोधत फिरावे लागत नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत चांगल्या पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो आणि बहुतेक ठिकाणी शुल्क व निर्वाह त्यांच्याकडून मिळतो; जर्मनीत, उदाहरणार्थ हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रात, पीएचडी ही पगारी नोकरीच असते. स्वतःच्या पैशाने, कर्ज काढून पीएचडीला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पोस्टडॉकनंतर परतायचे असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्स ही दोन नावे लक्षात ठेवा.

शेवटी या महिन्यात करायच्या गोष्टी. द कॅन्सर जीनोम ॲटलासची बरीचशी माहिती सर्वांना फुकट खुली आहे. एखादा निबंध घ्या, त्यातली एक आकृती त्या माहितीवरून स्वतः पुन्हा काढून बघा. साधा लॅपटॉप पुरतो, आणि मुलाखतीत सांगायला याहून चांगले काही नसते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. अर्ज हिवाळ्यात मागवले जातात, तारीख चुकवू नका. त्या दोन महिन्यांत हे काम आपल्याला रोज करवेल की नाही हे कळते.

आणि एका शास्त्रज्ञाला पत्र लिहा. शंभर जणांना एकच मजकूर पाठवलेला लगेच ओळखू येतो, तो कोणी वाचत नाही. ज्यांचा एक निबंध तुम्ही अथपासून इतिपर्यंत वाचला आहे त्यांनाच लिहा. पहिल्या ओळीत तुम्ही कोण ते, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत त्या निबंधातले काय समजले आणि काय अडले, चौथ्या ओळीत कोणत्या तारखांना येऊ शकता. मार्कांची यादी शेवटी. दहा ओळींपेक्षा जास्त नको. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, तरीही आले नाही तर पुढचा निबंध वाचायला घ्या आणि पुढच्या नावाला लिहा.